वाघुरीतले मासे

आभाळात ढगाचा ठिपका नसताना पाणी वाढताना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गावच्या तलावात, शिमग्याच्या अलीकडं, भर दुपारी. जत तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे बघून कसंतरीच होतं. आमच्याकडं पाणी म्हणजे पाऊस, आणि पाऊस नसेल तर टँकर. तिसरा रस्ता आम्हाला माहीतच नव्हता. आता कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून, टप्प्याटप्प्यानं वर चढवून, कालव्यातून आमच्या माळावर येतं. काठावर एक काडी रोवून बसलं तर तासाभरात काडीच्या बुडाला ओल येते, आणि आणखी थोड्या वेळानं काडी पाण्यात उभी दिसते. आवाज नाही, वरून ऊन रखरखीत. अनोळखी माणूस न बोलता घरात शिरावा तसं ते पाणी आत येतं. मी फौजेत बर्फात राहिलो, वाळूत राहिलो, पण त्या पाण्याजवळ एकट्यानं बसायला मला आवडायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रिटायर हवालदार तलावाला भितो म्हटल्यावर गावानं वर्षभर दात काढले असते.

मी तिथं गेलो होतो आबांना न्यायला. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते गावात एकटेच राहत. जन्मभर मेंढरं राखली, ज्वारीची रानं तुडवली, गुडघे झिजवले. शेवटी गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मी सांगलीहून आलो आणि मेंढरं विकायला लावली. ‘लावली’ हाच खरा शब्द. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, फक्त नाही म्हणायचं थांबवलं होतं. मेंढरं टेम्पोत चढवताना ते घरामागं जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं गेलं. फोनवर नुसतं ‘हूं’. शेजारची चुलती सांगायची की पहाटे उठून मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात उभे राहतात, अर्धी भाकरी कुत्र्याला घालतात. सांगलीत नेऊन सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. माणूस डोळ्यांदेखत मिटत चालला होता आणि ते माझ्या हातून झालं होतं.

मग एक दिवस चुलतीचाच फोन आला. “तुजा बा आता माशास्नी राखतोय बग. दिसभर तळ्यावर. जेवतोय बी.”

मी आधी हसलो. मग घाबरलो. रिटायर झाल्यावर सांगलीत धरलेल्या वॉचमनच्या नोकरीतनं आठ दिवसांची रजा टाकली, माझा मासे धरायचा घडीचा रॉड मोटारसायकलला बांधला आणि निघालो.

ते मासे कुणी सोडले होते ते गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे पाण्याबरोबरच आले, कुणी म्हणे रातोरात कुणीतरी पिल्लं सोडली. पिवळट अंगाचे, जाड ओठांचे, तोंडाला बारीक मिशा. बाजारात त्यांना सायप्रिनस म्हणतात, गावानं त्याचं सिपरन करून टाकलं होतं. बाकीचे मासे अंडी घालायला पावसाची वाट बघतात. हा मासा थंडी सरली आणि पाणी जरा कोमट झालं की काठाला येतो, पोटरीएवढ्या पाण्यात, गवताला आणि शेवाळाला अंडी चिकटवतो. हे मी फौजेत असताना उत्तरेकडच्या एका तळ्यावर पाहिलं होतं. आबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ते नुसते काठावर बसून राहिले होते, आणि त्यांना कळलं होतं.

मी पोचलो तेव्हा ते पाण्याच्या कडेला काठी टेकून उभे होते. माझ्याकडं वळून बघितलं, आणि मेंढरं गेल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून बोलले.

“आलास व्हय? हळू बोल. गाभण हाईत.”

“कोण गाभण आबा?”

त्यांनी काठीनं पाणी दाखवलं. वाऱ्यानं पाण्यावर सुरकुत्या पडल्या होत्या. त्या सुरकुत्यांखालून एक जाड पाठ सरकत गेली, तिच्यामागून दुसरी. मग काहीच नाही. “त्यो फाटक्या शेपटीचा मागं लागलाय बग,” आबा म्हणाले, “ती अजून धरना त्याला.” मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. हा माणूस पाचशे पावलांवरून मेंढरू तोंडावरून ओळखायचा. आता तो पाण्यातल्या पाठी ओळखत होता.

“आबा, मी न्यायला आलोय. चला सांगलीला.”

“येतो की. ह्या मोकळ्या झाल्या की येतो.”

त्यांनी एवढं सरळ कबूल केल्यावर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आठ दिवस तर आठ दिवस, माझ्या बापाला जगायला काहीतरी सापडलं होतं. ते निभावून न्यायचं, मग त्यांना घेऊन जायचं, एवढं एकच मी मनाशी धरलं.

ते दिवस वाऱ्याचे होते. आमच्याकडं या दिवसांत पश्चिमेकडनं जो वारा सुटतो तो तोंडात माती घालतो, बोलायची सोय ठेवत नाही. पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या पात्यांचा आवाज एरवी लक्षात येत नाही, पण तलावाच्या काठी बसलं की तो पाण्यावरून येतो आणि पाण्यातनंच आल्यासारखा वाटतो. कुणीतरी दमून श्वास टाकतंय, परत घेतंय. दुपारी बाराच्या सुमाराला माळावर वावटळी उठायच्या. एक वावटळ तलावाच्या कडेपर्यंत आली की पाण्याजवळ येऊन थांबायची आणि जागच्या जागी विरून जायची. आबा तिच्याकडं बघून मान हलवत. चुलती म्हणायची, परकं पाणी हाय, जरा जपून ऱ्हावा. मी तिला हसून वेळ मारून न्यायचो.

मी गळ टाकून बसायचो. कणकेचा गोळा, तंगुसाचा दोरा, थर्माकोलचा तुकडा. वाऱ्यानं तो तुकडा इतका नाचायचा की मासा लागला की नुसता वारा, ते कळायचं नाही. अंड्यावर आलेला मासा खातही नाही धड. तरी दिवसाकाठी एखादा लागायचा. तो लगेच आबांच्या हातात द्यायचा असा नियम त्यांनी घालून दिला. ते माशाच्या पोटाखाली तळहात धरायचे, मेंढीचं पोट चाचपतात तसंच, आणि निकाल द्यायचे. “ही न्हाई. सोड.” किंवा “ह्यो ने.” बोकड कापायचा, गाभण मेंढीला हात लावायचा नाही, हा त्यांच्या जातीचा कायदा, तो त्यांनी माशांना लावून टाकला होता. संध्याकाळी तळलेल्या माशातले काटे काढताना ते काट्यांना ज्या शिव्या घालत त्या ऐकून चुलती पदर तोंडाला लावून हसायची. अख्खी भाकरी खात होते. मी मोजत होतो.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. एवढा मोठा तलाव, पण मासे फिरून फिरून एकाच जागेला येत. पश्चिमेकडचा सपाट काठ, परातीसारखा. मी म्हटलं, “आबा, हितंच का?”

“हितं आपला तळ असायचा,” ते म्हणाले. “पाणी याच्या आदी. मेंढरं हितंच बसायची. हितंच व्याली सगळी.”

म्हणजे त्या पाण्याखाली पिढ्यान् पिढ्यांच्या लेंड्या मुरल्या होत्या, आणि वार पुरलेल्या जागा, आणि जन्मताच गेलेली कोकरं. त्या खतावर गवत माजलं होतं आणि त्या गवतापायी मासे येत होते. कारण साधं होतं. तरीही त्या दिवसापासून मी त्या काठाला अनवाणी पाण्यात उतरलो नाही.

वाघुरीची कल्पना आबांची. शेजारच्या गावची पोरं अशा दिवसांत काठ्या घेऊन येतात. पोटरीएवढ्या पाण्यात भान हरपलेला मासा, त्याला जाळंही लागत नाही, काठीनं हाणला तरी मिळतो. आबांनी तशी चार जणं लांबनं फिरताना बघितली आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरनं वाघूर काढायला लावली. मेंढरांच्या तळाभोवती लावायची ती दोरीची जाळी. मेखा ठोकून तिचा गोल उभा करतात, आत मेंढरं बसतात, लांडगा बाहेर राहतो. मेंढरांबरोबर ती मी विकायची विसरलो होतो, किंवा आबांनी लपवली असेल.

“आवं आबा, मासं काय मेंढरं हाईत?”

“व्यायच्या टायमाला सगळी जनावरं सारकीच,” ते म्हणाले. “त्यास्नी आडोसा लागतो.”

मी बाभळीच्या मेखा ठोकल्या. काठापासून पाण्यात शिरून अर्धगोल केला, खोल बाजूचं तोंड मोकळं ठेवलं. मासे आत आले की आबा ते तोंड बांधणार, आणि सगळं उरकलं की सोडणार. दोरी पाण्यात भिजली तसा तिच्यातनं वास सुटला. ओल्या लोकरीचा, लेंडीचा, दुधाचा. वर्षभर कोरड्या माळ्यावर पडलेली दोरी, पण तलावाच्या मधोमध मेंढरांचा कळप उभा असल्यासारखा तो वास पाण्यावर पसरला. आबांनी डोळे मिटून घेतले.

शेवटची मेख ठोकताना एक मासा माझ्या पायांमधनं खोल पाण्याकडं सणकन निघून गेला. मी दचकलो, आणि तेवढ्या क्षणात डोक्यात आलं, ह्याला परत जायचं असतं. मेंढरू आत बसलं की सुरक्षित. मासा काठाला येतो तो जीव मुठीत घेऊन, आणि मागचा रस्ता मोकळा असतो म्हणूनच येतो. हे मला कळलं होतं. मी तोंड उघडलं होतं. आबा काठावर उभे राहून माझ्या दचकण्यावर हसत होते, दात नसलेलं तोंड पूर्ण उघडून. वर्षभरानं ते हसणं बघितलं मी. काही बोललो नाही.

हाक मारून आणल्यासारखे मासे दोन दिवसांनी आले. पहाटे वारा पडला होता. पाणी एकदम स्वच्छ, गुळगुळीत, आणि गोलाच्या आत पाठीच पाठी. आबा गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांना बोलावत होते, “बा, बा, बा.” त्यांची आई पलीकडची, कानडी. मेंढरांशी ते कायम कानडीत बोलत; ‘बा’ म्हणजे ये. मी काठावर उभा राहून ऐकत होतो. ते बोलावत होते आणि मासे येत होते. योगायोग असेल. मी अजूनही योगायोगच म्हणतो. मग त्यांनी वाकून वाघुरीचं तोंड बांधलं आणि मला हातानं हाकललं.

“जा तू पलीकडं. बंधाऱ्यावर जा. नव्या माणसाचा वास लागला की बुजत्यात.”

“आणि तुमी?”

ते काठावर येऊन बसले. पाण्याकडं पाठ करून, तोंड माळाकडं. डोक्यावरनं घोंगडं घेतलं.

“आवं, मासं तिकडं अन् तुमी इकडं बघताय?”

“मेंढराकडं बघायचं नसतं रं. बाहीर बघायचं. आत काय चाललंय ते कानाला कळतंय की.”

मला हसू आलं. मी रॉड उचलला आणि तलावाला वळसा घालून बंधाऱ्यावर गेलो. तिथनं आबा म्हणजे एक काळा ठिपका.

ऊन वर आलं तसा वारा परत सुटला, आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा जास्त. तंगूस हवेतच वाकडी व्हायची. तासन् तास एक टोचण नाही. मी पिशवी पाण्याला लागून एका दगडावर ठेवली होती. मध्येच भूक लागली म्हणून वळलो तर दगड कोरडा होता, आणि दगडाखालची जमीनही कोरडी, आणि पाणी दोन पावलं खाली. ओल्या मातीवर लहान लहान शिंपले उघडे पडले होते. मी बघत उभा राहिलो. पाणी आवाज न करता आलं होतं आणि आवाज न करता चाललं होतं. मी पिशवी उचलून खाली ठेवली. म्हणजे मी किती बावळट आहे ते बघा. पाणी गेलं तर पिशवी पाण्यामागं नेऊन ठेवली आणि परत गळ टाकला.

थोड्या वेळानं समोरच्या काठाकडं सहज बघितलं आणि माझा हात थांबला.

आबांच्या मागं मेंढरं उभी होती. पांढरी, आमच्या भागात असतात तशी, तलावाच्या कडेला पसरलेली, मान खाली घालून चरत असलेली. मधे आबांचा काळा ठिपका, न हलणारा. डोळे चोळले. मेंढरं तिथंच. वाऱ्यात उन्हाची झळ हलत होती आणि तिच्यात तीही हलत होती. मला कुणीतरी सांगितलं असतं की विकलेला कळप चालत परत आला, तर त्या मिनिटाला मी विश्वास ठेवला असता. इतकंच नाही, मला बरं वाटलं. आबांची मेंढरं परत आली, माझं पाप फिटलं, असं काहीतरी. मग त्यातल्या एकानं पंख उघडले.

बगळे होते. इतके बगळे मी आमच्या तलावावर कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात बंधाऱ्यावरनं पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, मोटारसायकलवरनं जाताना थांबला. “आज काय घावतंय?” त्यानं विचारलं.

“पाणी का उतरतंय?” मी ओरडलो. वाऱ्यात त्याला ऐकूच येईना.

“फुडच्या तळ्याला सोडलंय की! रातीपास्नं गेट उघडं हाय.”

मी रॉड तिथंच टाकला आणि पळालो. फौजेत खूप पळालो, पण तो वळसा मला अजून आठवतो. वारा समोरनं. पावलं चिखलात. सपाट काठाला पाणी वीतभर उतरलं की वीस पावलं जमीन उघडी पडते, हे मला पळता पळता कळत होतं. आणि वाघुरीचं तोंड आबांनी स्वतःच्या हातानं बांधलं होतं, मेंढरांचं बांधतात तसं, पक्कं.

मी समोरनं पोचलो. आबा तसेच बसलेले, माळाकडं तोंड करून. मला बघितल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर असं समाधान की मी मेंढरं असतानाही पाहिलं नव्हतं.

“गप,” ते कुजबुजले. “झाल्या मोकळ्या. मगाशी लय खळबळ हुती, लय. पानी नुसतं उडत हुतं. आता बसल्यात.”

त्यांच्या खांद्यावरनं मला सगळं दिसत होतं.

पाणी वाघुरीच्या बाहेर गेलं होतं. मेखा उघड्या जमिनीवर उभ्या होत्या आणि आत चिखल होता. चिखलात मासे. काही दोरीच्या घरांत डोकं घालून अडकलेले, सगळ्यांची तोंडं खोल पाण्याकडं. जाड ओठ उघडे. दोन-चारांचे कल्ले अजून हलत होते, उघडत होते, मिटत होते. शेवाळ उन्हानं वाळत चाललं होतं आणि त्याला चिकटलेली अंडी पांढरी पडत होती. बगळे त्यांच्यामधनं सावकाश चालत होते. मी एवढा पळत आलो तरी एकही उडाला नाही. वारा होता, पवनचक्क्यांचा आवाज होता, बाकी काहीच नव्हतं.

आबा माझ्याकडं बघत होते. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. त्यांचं हसू हळूहळू गेलं. ते वळले.

मी त्यांना उठवायला हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. घोंगडं टाकून ते चार पायांवर चिखलात गेले. मी आबांच्या विळ्यानं वाघूर कापली, हलणारे मासे उचलून पाण्याकडं पळत नेले, परत आलो, परत नेले. किती वाचले मला ठाऊक नाही. आबा एकेका मादीचं पोट चाचपत होते. “ही व्याली न्हाई,” म्हणायचे, पुढच्या माशाला हात लावायचे. “ही बी न्हाई.” मी ओरडलो, “आबा, ऱ्हाऊ द्या, चला!” ते ऐकण्याच्या पलीकडं होते. शेवटी त्यांनी अंडी चिकटलेलं शेवाळ ओंजळीनं गोळा करून ओल्या घोंगड्यात भरलं, छातीशी धरलं आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन घोंगडं उलगडून सोडलं. मग तिथंच उभे राहिले.

मी पाण्यात उतरून त्यांच्याजवळ गेलो. जन्मात कधी त्यांना हात लावून समजावलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही. म्हटलं, “आबा, माझं चुकलं. मला कळत हुतं. मी बोललो न्हाई.”

ते माझ्याकडं बघतही नव्हते. रिकाम्या गोलाकडं बघत होते.

“येक बी वरडलं न्हाई रं,” ते म्हणाले. “मेंढरू कसं वरडतंय. गळ्याला दात लागायच्या आत वरडतंय. मी बसलोय हितं. चार पावलांवर बसलोय. येक बी वरडलं न्हाई.”

ते खरं होतं. पाण्याची खळबळ त्यांना ऐकू आली होती आणि त्यांच्या कानांनी तिचा अर्थ लावला होता, सत्तर वर्षं लावत आले तोच. आधी धडपड, मग शांतता. मेंढी अशीच व्यायची. त्या शांततेत ते खुशीत बसून राहिले होते, लांडग्याची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर सांगलीला आले. मी विचारायच्या आधीच पिशवी भरून ओसरीवर बसले होते. हट्ट नाही, रुसवा नाही. मला हेच हवं होतं, आणि मोटारसायकलवर माझ्या पाठीशी त्यांचं वजन लागेना तेव्हा मी दोनदा मागं हात लावून बघितलं.

ते आता आमच्यात राहतात. माझी भीती होती तसे मिटले नाहीत. जेवतात, बोलतात, नातीला कानडी शिव्या शिकवतात, बायको माझ्यावर डाफरते. घरात टीव्ही चालू असला, कुकर शिट्ट्या देत असला, पोरगी भांडत असली की ते मजेत कोपऱ्यात बसलेले असतात. पण दुपारी सगळं उरकून घर गप होतं. बायको झोपते, पोरगी पुस्तक घेऊन आडवी होते, मीही पडतो. तेव्हा ते उठतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी जागा झालो. डोळ्यांसमोर त्यांचा तळहात होता, माझ्या नाकापासून दोन बोटांवर, न हलणारा. ते श्वास बघत होते. मी डोळे उघडले तरी त्यांनी हात काढला नाही. पलीकडं पोरीकडं गेले, वाकले, तिच्या नाकासमोर हात धरून उभे राहिले, मग बायकोकडं.

मी उठून बसलो. म्हटलं, “आबा, काय करताय? झोपलोय आमी.”

“झोपा की,” ते म्हणाले. “पर मदनं मदनं वरडत जावा रं.”